साळवेबाईंची नरम काडतुसं

बंदुकीच्या कामात आयुष्य गेलं असं सांगितलं की समोरचा माणूस आधी जरा मागं सरकतो आणि मग खुर्ची पुढं ओढून बसतो. मागं सरकतो तो भीतीनं आणि पुढं येतो तो किस्सा ऐकायला. या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादक घरी आले तेव्हा त्यांचंही तेच झालं. त्यांना वाटलं, या माणसाकडे दरोडेखोर असतील, शिकारी असतील, निदान एखादा खून तरी असेल. त्यांची निराशा होणार हे मी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. माझ्याकडे आहेत त्या चिंचेच्या कोळात धुतलेल्या पितळी पुंगळ्या, भोकं पाडलेला एक सागवानी ठोकळा आणि परतूरच्या एक निवृत्त शिक्षिका.

माझं नाव शेख रशीद. माझ्या अब्बांचं जुन्या जालन्यात बंदुका दुरुस्तीचं लायसनचं दुकान होतं. घरात उर्दू, शाळेत मराठी आणि दुकानात जे गिऱ्हाईक येईल त्याची भाषा, अशात मी वाढलो. अब्बांच्या माघारी दुकान चाललं नाही. मग शहराबाहेर एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत नेमबाजीचा क्लब निघाला, तिथं शस्त्रं सांभाळायला मला ठेवून घेतलं. निवृत्त होईपर्यंत मी तिथंच होतो. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि हाताला काम नाही, म्हणून बसल्या बसल्या आठवत राहतो.

गिऱ्हाईकं एकेक नमुना असत. घनसावंगीकडचा एक ऊसवाला रानडुकरांसाठी ठेवलेली ठासणीची बंदूक घेऊन आला. म्हणाला, "रशीदभाई, बंदूक बिमार पडली. बार निघूनच न्हाई राह्यला." मी नळीत सळई घातली तर आतून माती पडायला लागली. कुंभारीण माशीनं नळीत घर बांधलं होतं, त्यात अळ्यासुद्धा होत्या. मी म्हणालो, "काका, डुकरं मारायला ठेवली का माशा पाळायला?" तो जराही वरमला नाही. "मंग? डुकरं बंदूक बघूनच पळतेत. चालवायची येळच न्हाई आली सहा वर्सात." आणखी एक पुढारी होते. त्यांचं पिस्तूल दर निवडणुकीच्या आधी पोलीस ठाण्यात जमा व्हायचं आणि निकालानंतर परत मिळायचं. ते मिळालं की ते माझ्याकडे येत आणि फक्त वरून पॉलिश करून घेत. आतून गंज चढलाय हे मी तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "आतलं कोन बघतंय, रशीदभाई?"

हे असं पॉलिशचं आणि माशांचं काम मी पोटासाठी केलं. जीव लावून केलं ते काडतुसं भरण्याचं काम. ते कसं असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाहेरच्या माणसाला काडतूस म्हणजे एक वस्तू वाटते. तिच्यात चार वस्तू असतात. एक पितळी पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, पोटात दारू आणि तोंडाला शिशाची गोळी. घोडा टोपीवर पडला की टोपी दारूला पेटवते आणि दारूचा जोर गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. गोळी गेली, दारू जळली, टोपी मेली, पण पुंगळी धडधाकट उरते. तीच धुवायची, तिचं तोंड आवळायचं, नवी टोपी बसवायची आणि परत भरायची. आमच्या क्लबला तशी रीतसर परवानगी होती. नव्या बंदुकांना याची गरज नसते, त्यांची काडतुसं विकत मिळतात. पण शंभर वर्षांपूर्वीच्या फौजी रिव्हॉल्वरचं काडतूस आता आपल्याकडे कुणी बनवत नाही. ते हातानंच भरावं लागतं आणि भरायचं तर जपून, नरम भरावं लागतं. एक तर त्या पोलादाचं वय झालेलं असतं. दुसरं म्हणजे कागदाला भोक पाडायला लढाईतली ताकद कशाला पाहिजे?

दारू जास्त पडली तर काय होतं ते शेंबडं पोरही सांगेल. कमी पडली तर काय होतं ते फक्त आमच्या कामातला माणूस सांगतो. गोळी नळीतून बाहेर पडतच नाही, मध्येच अडकून बसते. आवाज येतो, पण दबका. मारणाऱ्याला वाटतं नेम चुकला, म्हणून तो पुढची सोडतो. पुढचा रस्ता तर बंद असतो. मग नळी फुगते, कधी फाटते आणि त्या वेळी हात कुठं असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. अब्बा मला म्हणायचे, "ज्यादा से तो सबीच डरते, रशीद. तू कम से डर." एका जुन्या पुंगळीला कापून, तारेची दांडी लावून त्यांनी एक माप बनवलं होतं. तराजूवर शंभरदा तपासून कानशीनं घासलेलं. नरमात नरम काडतूस त्या मापाचं. त्याच्या खाली जायचं नाही, ही त्यांची ताकीद.

भरायला बसलो की मी दार लावून घेत असे. ठोकळ्याच्या भोकांत पुंगळ्या उभ्या करायच्या, एकेकीत दारू टाकायची आणि मग बॅटरीचा उजेड पाडून प्रत्येकीच्या पोटात डोकवायचं. कुणाशी बोलायचं नाही, फोन उचलायचा नाही. बायकोचाही नाही, आणि त्यावरून घरी जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ते दोन तास माझे होते. चिंचेनं उजळलेलं पितळ, शिशाचा गार स्पर्श, दारूचा तो किंचित आंबूस वास. आज कुणी मला विचारलं, काय परत पाहिजे, तर मी ते दोन तास मागेन.

सुभेदार साळवे पहिल्यांदा आले ते बायकोला घेऊन. उंच, कडक इस्त्रीचे, पलटणीतून निवृत्त होऊन परतूरला घर बांधून राहिलेले. त्यांच्या पलटणीतल्या एका म्हाताऱ्या मेजरसाहेबांनी आपलं जुनं रिव्हॉल्वर त्यांना दिलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या आसपासचं, मधून मोडून उघडणारं, उघडलं की रिकाम्या पुंगळ्या आपसूक वर येणारं. असं हत्यार माझ्या हातात त्याआधी दोनदाच आलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं परतूरहून सकाळच्या गाडीनं येत. सुभेदार पाच गोळ्या मारत, मग बाईंना पाच देत. सहा मावतात, पण घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं ही जुन्या फौजी लोकांची सवय. नोकरीभर ते सीमेवर होते, बाई परतूरच्या शाळेत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी एकत्र राहिलो ते हेच चार दिवस, असं सुभेदार म्हणायचे. ते बाईंच्या मागं उभे राहून सांगत, "श्वास सोडा. अर्धा ठेवा. मंग चाप दाबा." आणि बाईंची गोळी मधोमध लागली की माझ्याकडे बघून म्हणत, "पाह्यलं का रशीदभाई? घरात बी कमांडर हीच. म्या नुसता हुकूम ऐकून राह्यलो."

ते अचानक गेले. हार्टनं, दुपारी जेवून उठताना. वारस म्हणून रिव्हॉल्वर आपल्या नावावर करायला बाईंनी कितीतरी चकरा मारल्या. एका टेबलावर कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुम्हाला कशाला पाहिजे हे? जमा करून मोकळ्या व्हा." बाई म्हणाल्या, "मोकळी मी झालेलीच आहे. आता हे राहू द्या."

आणि एका पहिल्या रविवारी त्या एकट्या आल्या. पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत वर भाकरीचा डबा, खाली कुलूप लावलेली पेटी. "जयभीम, रशीदभाई. दोन भाकरी जास्तीच्या आणल्यात," म्हणाल्या. पाच गोळ्या मारल्या, कागद घडी करून घेतला, माझ्यासोबत बाकावर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि दुपारच्या गाडीनं परत गेल्या. मग दर महिन्याला हेच. मी त्या रविवाराची वाट बघायला लागलो, हे कबूल करायला आता हरकत नाही. क्लबात बाकीचे यायचे ते स्पर्धेचं बोलायचे, गुणांचं बोलायचे. बाई बोलायच्या ते पोरांच्या निबंधांचं, परतूरच्या घरातल्या शेवग्याचं, सुभेदारांच्या पत्रांचं. आणि मी भरलेलं काडतूस हातात घेऊन, उजेडात धरून बघायच्या. माझं काम असं कुणी बघितलं नव्हतं.

त्यांची मुलगी पुण्याला असते. आईनं एकटं राहू नये म्हणून ती मागं लागली होती. बाईंना परतूर सोडायचं नव्हतं. त्या घराच्या भिंतीवर सुभेदारांनी स्वतः पाणी मारलं होतं. एकदा भाकरी मोडता मोडता त्यांनी सांगितलं, "पोरीशी करार केलाय. म्हणलं, ज्या महिन्यात हे रिव्हॉल्वर माझ्या हातात पेलणार न्हाई, त्या महिन्यात मी बॅग भरते. तवर परतूर सोडायचं नाव काढायचं न्हाई." त्या हसल्या, मीही हसलो. सव्वा किलोच्या आसपास वजनाचं ते लोखंड, त्यावर एका बाईचं घर टेकलेलं आहे, हे तेव्हा माझ्या नीट लक्षात आलं नाही.

संधिवात उजव्या मनगटातून सुरू झाला. आधी त्या म्हणाल्या, "रशीदभाई, जरा नरम भरता येतील का?" सुभेदारांचं माप मोठं होतं. मी दोन महिन्यांत उतरत उतरत अब्बांच्या मापावर आलो. एक पावसाळा तेवढ्यावर निघाला. हिवाळ्यात मनगट सुजलं. पाचवी गोळी मारली की त्या रिव्हॉल्वर टेबलावर ठेवून, पाठमोऱ्या होऊन, डाव्या हातानं उजवा हात दाबत उभ्या राहत. मी विचारलं, "हात दुखून राह्यला का?" तर म्हणायच्या, "न्हाई हो, थंडी आहे." पण परत जाताना पिशवी डाव्या खांद्यावर असायची.

मग मी एक गोष्ट केली. दार लावून घेतलं, आणखी एक पुंगळी कापली, तिला तारेची दांडी लावली आणि अब्बांच्या मापापेक्षा लहान माप बनवलं. कुणाला सांगितलं नाही. क्लबला नाही, बाईंनाही नाही. साफसफाईला म्हणून बाईंचं रिव्हॉल्वर त्या महिन्यात क्लबवर ठेवून घेतलं होतं, त्यात त्या मापाची चार काडतुसं मी स्वतः मारून बघितली. चारही कागदाला लागली आणि हाताला झटका म्हणाल तर नावापुरता. मी माझ्यावरच खूश झालो. थोडी दारू मोठ्या पुंगळीत इकडे-तिकडे घरंगळते, कधी टोपीकडे राहते, कधी गोळीकडे जाते, आणि गोळीकडे गेली तर नीट पेटत नाही, हे मला ठाऊक होतं. पण चार लागल्या होत्या ना!

पुढच्याच महिन्यात बाईंचा चेहरा उजळला. पाच मारल्या, पाचही आत. "रशीदभाई, हात सुधरून राह्यला! डॉक्टरांनी तेल दिलं ते बराबर लागू पडलं." तिथूनच त्यांनी पुण्याला फोन लावला. "हो ग, पाचही मारल्या. बिलकुल दुखलं न्हाई." मी तिकडे पुंगळ्या गोळा करायचं नाटक करत होतो. खोटं बोललो असं वाटलं नाही. मला वाटलं, मी बाईंचं घर राखतोय. माझा रविवारही राखत होतो, पण ते मी स्वतःला सांगितलं नाही.

चार-पाच महिने हे असंच चाललं.

तो रविवार उन्हाळ्याचा होता. खाणीच्या भिंती तापल्या होत्या, रेंजवर आम्ही दोघंच. बाईंनी कानांवर आवाज अडवणारे डबे चढवले, तीन गोळ्या मारल्या, तीनही लागल्या. चौथीला घोडा पडला, पण हात हलला नाही. आवाजही बंद दारामागं कुणी पुस्तक टाकावं तसा. मी कागदाकडे बघितलं. तीनच भोकं होती. बाईंना वाटलं नेम हुकला. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि पाचवीसाठी अंगठ्यानं घोडा मागं ओढला.

"बाई, थांबा! सोडू नका!" मी ओरडलो. कानांवर डबे होते, त्यांना ऐकू गेलं नाही. नेम धरलेल्या माणसाच्या हाताला हात लावायचा नाही, हा रेंजचा पहिला नियम. नव्या माणसाला तो मी सगळ्यात आधी शिकवायचो. त्या दिवशी मी तो मोडला. उडी मारून रिव्हॉल्वर वरून धरलं आणि घोडा आणि चौकटीच्या मधल्या फटीत माझ्या अंगठ्याचं बेचकं घातलं. त्याच क्षणी चाप दाबला गेला. घोड्याची टोचणी माझ्या कातड्यात घुसली आणि तिथंच थांबली.

बाई आधी भडकल्याच. "हे काय, रशीदभाई? असं करतेत का?" मग रक्त दिसलं. मी रिव्हॉल्वर सोडवून घेतलं, उघडलं, काडतुसं काढली आणि नळी उजेडाकडे धरून त्यांना दाखवली. आरपार काहीच दिसत नव्हतं. मध्यात शिसं बसलं होतं. पाचवी सुटली असती तर काय झालं असतं ते मी त्यांना सांगितलं. त्या खाली बसल्या. सुभेदारांचा एक मोठा रुमाल त्या पिशवीत ठेवत, तो त्यांनी माझ्या हाताला बांधला.

"कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

"दारूला ओल लागली असंल," मी म्हणालो.

एवढंच वाक्य. ऐन उन्हाळ्यात, जालन्यात, दारूला ओल. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "तुमची काय चूक त्यात? उलट तुमच्यामुळं हात वाचला." पितळी सळईनं अडकलेली गोळी ठोकून काढायला मला तासभर लागला. तो सगळा वेळ त्या शेजारी बसून मला धन्यवाद देत होत्या. चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या शिव्या पुष्कळ खाल्ल्या, पण त्या धन्यवादांसारखं काही लागलं नाही.

लहान माप मी त्याच संध्याकाळी वापरातून काढलं. पुढच्या महिन्यात अब्बांच्या मापाची काडतुसं दिली. पहिलीच मारली आणि बाईंचा चेहरा पिळवटला. तरी पाचही मारल्या. "आता दारू चांगली आली वाटतं," म्हणाल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात चार मारल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात दोन मारून रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं. मनगट लाल झालं होतं. "काडतुसं बराबर आहेत, रशीदभाई. मीच नरम पडले. मधी किती सुधरला होता हात! काय चुकलं माझं, कळत न्हाई. तेल बी तेच लावते." त्या रडत नव्हत्या. स्वतःची झडती घेत होत्या. आपण व्यायाम चुकवला का, थंड पाण्यात धुणं केलं का, असं एकेक आठवत होत्या.

मला ते बघवेना. मी आत जाऊन दोन्ही मापं आणली आणि त्यांच्या समोर टेबलावर ठेवली. "बाई, हात कधी सुधरलाच नव्हता. हे अब्बांचं माप. हे माझं. तुम्हाला न सांगता मी ह्या लहान मापानं भरून देत होतो. दारूला ओलबिल काही न्हवती लागली. गोळी अडकली ती माझ्यामुळं."

बाईंनी लहान माप उचललं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, त्या हात गमावता गमावता वाचल्या त्याबद्दल बोलतील. त्यांनी वेगळंच काढलं.

"तेहेतीस वर्षं शिकवलं मी," त्या म्हणाल्या. "कच्च्या पोराला सोपं गणित देत होते. पण देताना सांगत होते, हे सोपं आहे, आज एवढं कर. न सांगता दिलं तर पोराला वाटतं आपल्याला यायला लागलं. मंग परीक्षेत ते तोंडावर पडतं. तुम्ही मला तसं पाडलं, रशीदभाई. मी पोरीला पाच महिने सांगत होते, माझा हात सुधरला म्हणून."

"मला वाटलं, तुमचं घर..." मी म्हणालो.

"घर माझं होतं. मला विचारायचं होतं."

त्या दिवशी भाकरीचा डबा उघडला नाही. बाई गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी निघून गेल्या. मी क्लबच्या सेक्रेटरींना सगळं सांगितलं. त्यांनी लेखी समज दिली, काही महिने काडतुसं भरायचं काम काढून घेतलं आणि ते बरोबरच होतं. घरी अब्बांचा फोटो आहे, त्याच्याकडे बघायला मला बरेच दिवस जड गेलं.

बाई करार पाळणाऱ्या. त्यांनी पुण्याला फोन करून खरं काय ते सांगितलं आणि परतूरचं घर आवरायला काढलं. मला वाटतं, मी गप्प बसलो असतो तर त्यांनी आणखी वर्षभर दात आवळून ढकललं असतं. आणि मी आधी विचारलं असतं तर कदाचित आम्ही दुसरं काही काढलं असतं. टेकू लावून मारणं, डाव्या हातानं शिकणं, पुष्कळ वाटा असतात. विचारलंच नाही, म्हणून आता त्या वाटा मोजत बसणं माझ्या वाट्याला आलंय. त्या पुण्यात आहेत. बाळगोपाळांत रमल्यात असं फोनवर सांगतात. शेवग्याला शेंगा लागल्या का, हे मी नव्या भाडेकरूला विचारून त्यांना कळवतो. त्या ऐकतात आणि शेंगा किती, केवढ्या, हे दोन-दोनदा विचारतात. त्या विचारण्यात काय असतं ते मला कळतं, कारण माझ्याकडेही तेच असतं.

परतूर सोडायच्या आधीच्या रविवारी त्या आल्या होत्या, ते सांगायचं राहिलं. मी त्यांना बघून उभाच राहिलो. येतील असं वाटलं नव्हतं. रिव्हॉल्वर दुसऱ्या दिवशी रीतसर जमा होणार होतं. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "रशीदभाई, पाच काडतुसं पाहिजेत. ह्यांच्या मापाची."

"बाई, तुमच्या हाताला ते झेपणार न्हाई."

"मला न्हाई मारायची. तुम्ही मारा. मी मागं बसते."

काडतुसं भरायचं काम तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मी सेक्रेटरींना फोन करून सगळं सांगितलं. ते स्वतः क्लबवर आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि मी सुभेदारांच्या मापानं पाच पुंगळ्या भरल्या. प्रत्येकीत दोनदा डोकावलो. मग ते त्यांच्या खोलीत गेले.

बाई बाकावर बसल्या. कानांवर डबे चढवा म्हणालो, तर त्यांनी नुसता कापूस घातला. मी उभा राहिलो, हात ताणला आणि सुभेदार सांगायचे तसा श्वास सोडला. पहिली सुटली आणि मला कळलं, मी इतके महिने त्या रिव्हॉल्वरला किती लहान करून ठेवलं होतं. खाणीच्या भिंतींनी आवाज उचलला, फिरवला आणि परत आणून दिला. दुसरी, तिसरी, चौथी. मध्ये मध्ये मी थांबत होतो, पण मागं वळून बघितलं नाही. पाचवी सोडली. रिव्हॉल्वर उघडलं, पुंगळ्या काढल्या, टेबलावर ठेवलं आणि मागं वळलो.

बाई ताठ बसल्या होत्या, डोळे मिटलेले. उजवा हात समोर ताणलेला, मूठ अर्धी वळलेली, आणि मनगट वर गेलेलं. गोळी सुटल्यावर जातं तसंच. तो हात अजून खाली आला नव्हता.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

"बाई, दुखून राह्यलं का?" मी विचारलं.

"न्हाई," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "आज बिलकुल न्हाई."